खोलीचा वाटा

सोहारच्या बंदरामागे कंपनीचे दोन ब्लॉक,
एकशे बारा खोल्या, खोलीत आठ माणसं.
माझ्याकडे ती एक्सेलमधून येतात:
जुलैतले आजारपणाचे दिवस, माणशी एक आकडा.
बहुतेक शून्य. मग एक, दोन, पुन्हा शून्य,
आणि मध्येच कुणाचे तरी एकोणीस.

घंटेसारखा वक्र इथे बसत नाही.
त्याला दोन्हीकडे उतार लागतो,
आणि शून्याच्या खाली आजारी पडता येत नाही.
कॉलेजातलं सूत्र तरी मी लावून पाहिलं,
बंद दुकानाचं शटर आपण
एकदा हलवून बघतो तसं.

प्रश्न साधा आहे:
एका खोलीतली दोन माणसं एकमेकांसारखी किती?
एकच टाकी, एकच डाळ,
वरच्या बंकवरून खालच्या बंकवर उतरणारा खोकला,
हा खोलीचा वाटा.
उरलेला ज्याचा त्याचा.

दिवस मोजले तर हा वाटा एक निघतो.
लॉगच्या पट्टीवर दुसरा.
नुसतं विचारलं, पडला की नाही पडला, तर तिसरा;
आणि तिथे तर माणसाचा वाटा आधीच ठरलेला असतो:
पायचा वर्ग भागिले तीन,
तीन पूर्णांक एकोणतीस शतांश.
जनकपूरचा असो, सियालकोटचा असो,
घरी फोन लावून काही न बोलता ठेवणारा असो,
सगळ्यांच्या एकटेपणाला एकच आकडा.
अकरा वर्षं लिहितेय. सराव झालेला नाही.

ब्लॉक अ: शून्य पूर्णांक एकतीस.
पटलं. तिथे टाकीत मेलेलं कबूतर सापडलं होतं.

ब्लॉक ब: शून्य. दशांशचिन्हापुढेही शून्यंच,
आणि खाली मॉडेलची सूचना, सीमेवर अडकलोय.
खोलीचं प्रचरण शून्याखाली जात नाही,
वर्गांचंच बनलेलं ते, जाणार कसं.

म्हणजे आठ जण एकत्र झोपतात, जेवतात,
आणि कुणाचं कुणाला काहीच लागत नाही?

परकारला फोन केला. तबरेज परकार, दापोलीकडचा,
कॅम्पच्या दवाखान्यात रजिस्टर भरतो,
मराठी बोलायला मिळतं म्हणून फोन लांबवतो.
आधी बांगड्याचा भाव सांगितला. मग म्हणाला,
"बला फोरमन वेगळा आहे ना, मॅडम.
खोलीला महिन्याचे वीस दिवस.
वर गेले की आठही जणांचा ओव्हरटाइम कापतो.
बावीस नंबरात दिलशादला मुतखडा झाला,
एकोणीस त्याचेच गेले."
"आणि बाकीचे?"
"बाकीच्यांना एक उरला. चिठ्ठ्या टाकल्या."

मी पुन्हा यादी उघडली.
एकोणीस, शून्य, शून्य, शून्य, एक,
शून्य, शून्य, शून्य.
ही शून्यं तब्येतीची नव्हती.
ताप अंगात घेऊन सहा जण बसमध्ये चढले,
त्याची ही पोच.

जुनं एक सूत्र आहे, ते उणे आकडा देतं.
त्यालाही तळ असतो: आठ जणांच्या खोलीत
उणे एक सप्तमांश.
एकमेकांसाठी कितीही मागे सरायचं म्हटलं
तरी त्यापलीकडे सरता येत नाही.
ब्लॉक ब त्या तळापासून
दोन शतांशांवर उभा होता.

मस्कतहून निरोप आला:
सहसंबंध ऋण दिसतोय, टायपिंगची चूक असावी,
शून्य करून पाठवा.
कारण लिहिलं तर फोरमन वाचणार. वीसाचे पंधरा होणार.

शून्य केलं.
आणि परकारला विचारायचं राहिलं ते विचारलं,
की चिठ्ठी कुणाची निघाली.
"पाचव्या बंकवरच्या पोराची," तो म्हणाला,
"पण त्याला काही झालंच नव्हतं.
झोपला दिवसभर."